खालची कड, उजवा कोपरा

एडिथ मर्सर यांना एका क्युरेटरने फसवलं, आणि फसवताना सुरी वापरली ती माझी. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, कॅनडातल्या हॅमिल्टनमधला हा फ्रेमवाला एका म्हाताऱ्या चित्रकर्तीच्या आठवणी काढून डोळे पुसायला बसलाय. डोळे पुसून झाले. बाई गेल्या त्याला आता सात आठवडे होतील. फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि मी दुकानाच्या दुसऱ्या फोनवर वॉनमधल्या एका पंजाबी माणसाशी फ्रेमच्या लाकडी पट्ट्यांच्या भावावरून भांडत होतो. हॉस्पिटलच्या नर्सने विचारलं, "तुम्ही मिस मर्सरचे कोण?" मी म्हटलं, "फ्रेमवाला." जवळच्या नातेवाइकाच्या रकान्यात बाईंनी माझं नाव लिहून ठेवलं होतं. मग तिने सांगितलं... वॉनचा माणूस अजून लाइनवर होता. त्याने जो भाव सांगितला त्याला मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. अर्ध्या तासाने त्याचाच उलटा फोन आला, "दत्ताभाई, तबियत ठीक है ना?"

त्यांना मी पहिल्यापासून बाईच म्हणायचो. त्यांनी एकदा विचारलं, हे 'बाई' काय आहे? मी म्हटलं, आमच्याकडे शाळेतल्या मास्तरणीला म्हणतात. त्यावर त्या म्हणाल्या, "मग ठीक आहे. पण मी पगारी मास्तरीण नाही, तेव्हा उशिरा आलास तर घरी पाठवीन." बाई मूळच्या अमेरिकन. मॅसॅच्युसेट्समधल्या एका सूतगिरण्यांच्या गावात जन्मलेल्या. वडील गिरणीत माग दुरुस्त करायचे. मी इचलकरंजीचा, माझे वडील आयुष्यभर दुसऱ्याच्या मागावर उभे राहिले. त्यामुळे आम्हा दोघांनाही मोठ्याने बोलायची सवय होती. मागाच्या खडखडाटात वाढलेली माणसं हळू बोलू शकत नाहीत, हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मला शैलाची आठवण झाली. शैला, म्हणजे माझी बायको, पंचवीस वर्षं मला सांगतेय की हळू बोला.

ओळख झाली ती भांडणातूनच. सात वर्षांपूर्वी बाई दुकानात एक चित्र घेऊन आल्या. कोळशाने काढलेला एक हात, नुसता हात, मनगटापासून बोटांपर्यंत. कागद पिवळा पडलेला. मी फ्रेम करून ठेवली. घ्यायला आल्या तेव्हा काउंटरपासून सहा पावलं मागे गेल्या, एक डोळा मिटला आणि म्हणाल्या, "वरचा डावा कोपरा काटकोनात नाही." माझं डोकं फिरलं. कॅनडात आल्यावर दोन वर्षं मी वॉनच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवली, नंतर फ्रेमच्या कारखान्यात नुसते कोपरे कापले, दिवसाला शेकड्याने, आणि त्याच्या जोरावर हे दुकान उभं केलं. मला कोणी कोपरा शिकवायचा? म्हातारीला जागच्या जागी गप्प करावं म्हणून मी भिंतीवरचा सुताराचा गुण्या काढला आणि त्या कोपऱ्याला लावला. लोखंडाच्या आणि लाकडाच्या मधून उजेडाची एक रेघ आली. केसाएवढी. पण आली. मी म्हटलं, "मशीन बिघडलं असेल." बाई म्हणाल्या, "मशीनला कशाला बोल लावतोस? तू मोजतोस आणि मग बघत नाहीस." मी नवीन फ्रेम करून दिली आणि जाताना विचारलं की हे असं नुसत्या डोळ्याने कळायला किती दिवस लागतात. "पहिलं एक वर्ष तर फक्त तो हात काढायचा," त्या म्हणाल्या. "रविवारी दुपारी ये. दाखवते."

जुन्या अमेरिकन चित्रकारांचं शिक्षण कसं व्हायचं हे मला कुठल्या पुस्तकातून कळलेलं नाही. मी पुस्तकं वाचणारा माणूस नाही. बाईंनी सांगितलं तेवढंच मला माहीत. एकोणिसाव्या वर्षी त्या ॲम्ब्रोज हेल नावाच्या चित्रकाराच्या स्टुडिओत शिकायला लागल्या. हेल हे श्रीमंतांची पोर्ट्रेट्स करायचे. हेलचे गुरू तरुणपणी बोटीने पॅरिसला जाऊन शिकून आलेले, आणि त्यांचे गुरू फ्रेंच. बाई ही नावं अशी घ्यायच्या जसे आपल्याकडचे गवई घराण्याची नावं घेतात, आणि नियमही तसेच. उत्तरेकडची खिडकी, म्हणजे ऊन आत येत नाही आणि उजेड दिवसभर एकसारखा राहतो. एका स्टुलावर प्लास्टरचा हात. शेजारी, बरोबर तेवढ्याच उंचीवर, कागद. पायाच्या जागी जमिनीवर दोन खुणा. त्या खुणांवर उभं राहायचं, हातात ओळंबा धरायचा, एक रेघ ठरवायची, चालत कागदापर्यंत जायचं, रेघ मारायची, आणि उलटं चालत पुन्हा त्याच खुणांवर यायचं. गवंड्याचा असतो तोच ओळंबा. दिवसभर हेच. सोमवारी सुरुवात आणि शुक्रवारी हेलसाहेब यायचे. समोर उभे राहायचे, "मनगट जड आहे" एवढं बोलायचे आणि पुढच्याकडे जायचे. ते गेले की प्रत्येकाने आपलं आठवड्याचं काम कातड्याच्या तुकड्याने पुसून टाकायचं. चांगलं झालं असलं तरी. बाईंनी जवळजवळ वर्षभर दर शुक्रवारी पुसलं. एका शुक्रवारी साहेब आले, उभे राहिले आणि काही न बोलताच पुढे गेले. त्या दिवशी बाईंनी पुसलं नाही. माझ्याकडे फ्रेमला आलेला हात तो हाच.

पहिल्याच महिन्यात कोळशाला टोक करताना चाकू सटकून त्यांच्या डाव्या अंगठ्यावर आडवा वार बसला होता. तो व्रण शेवटपर्यंत होता, पांढरा, तिरका, नखाखालून थेट सांध्यापर्यंत. मी तो सात वर्षं दर रविवारी बघत होतो. ही गोष्ट लक्षात ठेवा.

मला त्यांनी तसंच शिकवलं. त्यांच्या घरी वरच्या मजल्यावर उत्तरेची खिडकी होती, प्लास्टरचा हात होता आणि लाकडी जमिनीवर पायांच्या दोन जागा इतक्या झिजलेल्या की खुणा करायची गरजच नव्हती. पन्नाशीचा मी, तिथे उभा राहून रेघा मारायचो आणि सवयीने घासाघीस करायचो. "झालंय की जवळपास," मी म्हणायचो.

"जवळपास म्हणजे चूक."

"बाई, अर्ध्या केसाचा फरक आहे."

"मग अर्धा केस पूस."

मी कोळसा फेकून, दार आपटून निघून जायचो. पुढच्या रविवारी परत हजर. शैला म्हणायची, "आठवडाभर आमच्यावर ओरडता, रविवारी जाऊन कोणाकडून तरी ओरडून घेता. देवाची कृपा आहे." दोन वर्षांनी एक हात असा झाला की बाई काही बोलल्या नाहीत. मी तो पुसला नाही.

कॅनडात त्या आल्या त्या धाकट्या भावाला घेऊन. व्हिएतनामच्या लढाईसाठी त्याला बोलावणं आलं होतं आणि त्याला जायचं नव्हतं. बाईंनी त्याला गाडीत घातलं आणि सरहद्द ओलांडून हॅमिल्टनला आणून सोडलं. महिनाभर राहते म्हणाल्या आणि पन्नास वर्षं राहिल्या. भाऊ स्टीलच्या कारखान्यात लागला, नंतर दारूत बुडाला आणि चाळिशीत गेला. बाईंना एका हॉस्पिटलमध्ये काम मिळालं. ऑपरेशन चालू असताना शेजारी उभं राहून, डॉक्टरांच्या पुस्तकांसाठी उघड्या हाताची चित्रं काढायची... शिरा, स्नायू, हाडं. तीस वर्षं त्यांनी तेच काढलं. खाली नाव नसायचं. मी एकदा त्यांना म्हटलं, "तुम्हाला कशाचाच राग येत नाही का?" त्या म्हणाल्या, "येतो ना. पण राग आला की रेघ जाड येते."

त्याच दिवशी त्यांनी मला हेलच्या पोर्ट्रेट्सचं सांगितलं. त्या स्टुडिओत अशी पद्धत होती की गिऱ्हाइकाचा चेहरा साहेबांनी करायचा आणि कपडे, पडदे, खुर्ची शिष्यांनी. यात कोणाला काही गैर वाटत नसे. पण हात हे चेहऱ्याइतकेच अवघड, ते साहेब कोणाला द्यायचे नाहीत. पुढे साहेबांची बोटं थरथरायला लागली. तेव्हा चार पोर्ट्रेट्सचे हात एडिथने केले, वय वर्षं चोवीस. एक गिरणीमालक, त्याची बायको, एक न्यायाधीश आणि एक पियानो वाजवणारी मुलगी. सही हेलची. मी खवळलो. "आणि तुम्ही गप्प बसलात?" बाई हसल्या. "आम्हाला सही करायची मनाई होती. पण मी माझी सोय करून ठेवली होती." मी विचारलं, कुठे? तर म्हणाल्या, "वेळ आली की दाखवीन." मीही जास्त विचारलं नाही. एरवी मी कोणाला दोन शब्दांवर सोडत नाही. तिथे सोडलं.

मग २०१६ च्या सप्टेंबरमध्ये तो क्युरेटर आला. त्याचं नाव इथे लिहीत नाही, गॅलरीचंही नाही. त्याला कळेल. मऊ आवाजाचा, चांगले बूट घालणारा माणूस. हेलवर त्याने पुस्तक लिहिलं होतं आणि त्या पुस्तकात सगळ्यात मोठं प्रकरण कशावर, तर हेलने रंगवलेल्या हातांवर. आता तो हेलच्या नऊ पोर्ट्रेट्सचं प्रदर्शन भरवणार होता. अमेरिकेतल्या आणि इकडच्या घराघरांतून ती उसनी आणणार होता. हेलची हयात असलेली शिष्या बाई एकट्याच, म्हणून तो रेकॉर्डर घेऊन तीन दुपारी त्यांच्याकडे बसला. तिसऱ्या दुपारी बाईंनी त्याला आपली स्टुडिओतली वही दिली. काळ्या पुठ्ठ्याची. रोजचं काम, साहेबांचे शेरे, कुठल्या पोर्ट्रेटला कुठला हात, किती दिवस, सगळं त्यात तारीखवार होतं. बदल्यात त्यांनी एकच गोष्ट मागितली. त्या चार चित्रांच्या खाली भिंतीवर जे लेबल लागेल त्यावर लिहायचं, 'हात: एडिथ मर्सर'. तीन शब्द.

त्या वेळी मी तिथे होतो. बाईंनी मला मुद्दाम बोलावलं होतं, कारण त्यांच्या मते मी व्यवहारातला माणूस. मी त्याला म्हटलं, हे कागदावर लिहून द्या. तो म्हणाला, "अर्थात. वहीच्या कागदपत्रांबरोबरच करू." आणि मग, चहाचा कप खाली ठेवता ठेवता, "तुम्ही फ्रेमिंग करता ना? प्रदर्शनाचं काही काम आहे आमच्याकडे." खरं सांगायचं तर त्यानंतर त्या कागदाचा विषय माझ्या डोक्यातून गेला. गॅलरीचं काम, माझ्या दुकानाला. मी जाताना त्याच्या गाडीपर्यंत बोलत गेलो. एका लाकडी पट्टीच्या भावासाठी तासभर भांडणारा मी, त्या दिवशी बाईंचं आयुष्य एका हस्तांदोलनावर सोडून दिलं.

जानेवारीत चार पोर्ट्रेट्स माझ्याकडे आली. गिरणीमालक, त्याची बायको, न्यायाधीश, पियानोवाली. मला वाटलं, योगायोग. बाईंना उद्घाटनालाच सांगून चकित करावं म्हणून मी काही बोललो नाही. बरोबर एक कागद होता: कॅनव्हास लाकडी चौकटीवरून उतरवावा, दुमडलेल्या कडा कापून टाकाव्यात, चित्र सपाट बोर्डावर चिकटवावं. कॅनव्हास चौकटीवर ताणताना चारी बाजूंनी दोन बोटं कापड मागे दुमडून खिळे ठोकतात. ती दुमड फ्रेमच्या आत लपते, कोणाला दिसत नाही. कापायची ती. चारपैकी दोन कॅनव्हासच्या कडा खरंच कुजल्या होत्या. दोनच्या चांगल्या घट्ट होत्या. मी फोन केला, "या दोन कशाला कापायच्या?" तो म्हणाला, "सगळी एकसारखी दिसायला हवीत." मला पाच आठवडे हवे होते, तो तीन म्हणत होता, शेवटी चारवर मिटलं आणि मी जिंकल्याच्या आनंदात फोन ठेवला. कडा कापताना खालच्या बाजूला रंगाने भरलेल्या बोटांचे डाग दिसले. शैला डबा घेऊन आली होती, तिला मी म्हटलं सुद्धा, "एवढे मोठे चित्रकार, पण हात कुठे पुसतात बघ." आणि कापलं. पोलादी पट्टी लावून, नवीन पातं लावून, एका दमात. सोळा पट्ट्या निघाल्या. मी काही फेकत नाही. कॅनव्हासच्या पट्ट्या फ्रेममध्ये चित्र सैल बसलं की मागून पाचर म्हणून भरायला उपयोगी पडतात. मी त्या खोक्यात टाकल्या.

एप्रिलमध्ये प्रदर्शनाचं उद्घाटन झालं, दुपारचं. बाई तोपर्यंत व्हीलचेअरवर आल्या होत्या. हृदय थकलं होतं. शैलाने त्यांना आपली निळी शाल पांघरली. मी ढकलत आत नेलं. भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, हेलची खरी प्रतिभा त्याच्या हातांत दिसते. गिरणीमालकाच्या समोर आम्ही थांबलो. लेबल वाचलं. ॲम्ब्रोज हेल, तैलरंग, कॅनव्हास बोर्डावर. बाकी काही नाही. न्यायाधीश, तेच. बायको, तेच. पियानोवाली, तेच. प्रदर्शनाच्या छापील पुस्तिकेत शेवटच्या पानावर माझ्या दुकानाचं नाव आहे, आभार म्हणून. बाईंचं नाव कुठेच नाही. क्युरेटर पाहुण्यांमधून वाट काढत आला, खाली वाकला आणि म्हणाला, "एडिथ, आम्ही खूप विचार केला. पण पुराव्याशिवाय नाव घालता येत नाही. वही ही शेवटी एका बाजूची."

बाई म्हणाल्या, "पुरावा कडेवर आहे. मी सांगितलं होतं तुला." मग माझ्याकडे वळल्या. "दत्ता, ही फ्रेम उचल. याला खालची कड दाखव." त्यांचा चेहरा इतका उजळला होता... त्या दिवसासाठी त्यांनी ते माझ्यापासून लपवून ठेवलं होतं. मला चकित करायचं होतं त्यांना.

मी म्हटलं, "बाई, कड नाही."

"नाही म्हणजे?"

"कापली. बोर्डावर चिकटवायला."

"कोणी?"

"मी."

क्युरेटर कोणाला तरी भेटायला निघून गेला होता. मग त्यांनी विचारलं, "सरळ कापलीस का?"

मी म्हटलं, "हो."

"चांगलं केलंस," त्या म्हणाल्या. "आता घरी ने मला."

नंतर हॉस्पिटलमध्ये त्यांनी सगळं सांगितलं. रंगाची पाटी डाव्या हातात धरतात, भोकातून अंगठा वर काढून, त्यामुळे अंगठा दिवसभर रंगात असतो. काम संपल्यावर बाई कॅनव्हासच्या दुमडीवर तो दाबायच्या. खालची कड, उजव्या कोपऱ्यापासून चार बोटांवर. चारी चित्रांवर. व्रणासकट. हेलसाहेबांनी एकदा ते बघितलं आणि काही न बोलता पुढे गेले. माझ्या सुरीखाली तो अंगठा चार वेळा आला. तो तिरका व्रण मी सात वर्षं पाहिला होता. ज्या बाईंनी मला बघायला शिकवलं त्यांचा अंगठा मला घाण वाटली. त्यांना मी हे म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "मीच सांगायला हवं होतं तुला. मजा करायला गेले." त्यानंतर पाच दिवसांनी नर्सचा फोन आला.

खोक्यात तीन पट्ट्या शिल्लक होत्या. तिन्ही वरच्या कडेच्या. बाकीच्या तेरा मी जानेवारीपासून एप्रिलपर्यंत विकलेल्या फ्रेम्सच्या पाठीत भरल्या होत्या. पावत्यांवरून पत्ते काढले आणि पक्कड घेऊन निघालो. काही घरी नुसत्या कोऱ्या पट्ट्या निघाल्या, एका निवृत्त स्टील कामगाराने जाळीच्या दारातूनच मला हाकललं. शेवटी ग्वेल्फला सौरभ आणि मृण्मयी यांच्याकडे गेलो. दोघं पुण्याचे, सॉफ्टवेअरमधले. त्यांनी पणजोबांचं तैलचित्र माझ्याकडून मढवून घेतलं होतं. मृण्मयीने दार उघडलं. "काका, तुम्ही तर म्हणाला होतात ही फ्रेम आमच्या नातवंडांपर्यंत टिकेल."

"टिकेल. मला फक्त मागचं बघायचंय."

आतून सौरभ म्हणाला, "मागे काय लपवलंय काका? चोरीचा माल असेल तर आधी सांगायचं ना, आम्ही कन्फेस तरी केलं असतं."

मी जेवणाच्या टेबलावर टॉवेल अंथरून फ्रेम पालथी घातली. त्यांची सहा वर्षांची मुलगी खुर्चीवर चढून बघत होती. "आई, इज ही ब्रेकिंग पणजोबा?" मृण्मयी म्हणाली, "नाही गं, काका चेक करतायत." खालच्या बाजूची पट्टी मी पकडीने ओढली. उलटी केली. तपकिरी-गुलाबी रंगात एक अंगठा, आणि त्यातून गेलेली पांढरी तिरकी रेघ. उजव्या टोकाला मी माझी चार बोटं लावून पाहिली. बरोबर बसली. पट्टी टॉवेलावर सरळ ठेवली. मृण्मयीने पाणी आणलं. ती पट्टी घेऊन निघालो तेव्हा सौरभने पणजोबांच्या मागे भरायला दुधाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून दिला.

मी त्या पट्टीचे फोटो क्युरेटरला पाठवले. चार दिवसांनी उत्तर आलं, मऊ भाषेत. फार रोचक आहे, पण ही पट्टी चित्रापासून सुटी झालेली असल्याने ती नेमक्या कुठल्या कॅनव्हासची हे सांगता येणार नाही. काप अगदी सरळ आहे. वाकडातिकडा असता तर जुळवून बघता आला असता... हे वाचलं तेव्हा मला गॅलरीतल्या बाई आठवल्या. सरळ कापलीस का, असं त्यांनी विचारलं तेव्हा त्यांना पुढचं सगळं कळलेलं होतं. आणि तरीही त्या चांगलं केलंस म्हणाल्या, कारण काम चांगलं झालं होतं.

आता मी त्याला विचारतो. वही तुझ्याकडे सप्टेंबरमध्ये आली. अंगठे कुठे आहेत हे त्या वहीत लिहिलेलं आहे आणि बाईंनी तुला तोंडानेही सांगितलं. जानेवारीत नऊपैकी चार चित्रं कडा कापायला आली आणि ती नेमकी तीच चार. दोनच्या कडा धडधाकट होत्या, मी फोन करून तसं सांगितलं, तरी कापायला लावल्या. उरलेल्या पाच चित्रांच्या कडा आजही जशाच्या तशा आहेत, मी स्वतः फ्रेम उचलून पाहिल्या. मग एकसारखी दिसायला हवीत, हे कशासाठी होतं? तुझ्या पुस्तकातल्या त्या मोठ्या प्रकरणासाठी? वही परत मागितली तर अजून नोंदणी चालू आहे असं सांगतात. ज्या बाईची ती वही, तिची राखसुद्धा आता थंड झाली.

मी माझी चूक लपवत नाही. सुरी माझी होती, हे पहिल्याच ओळीत लिहिलंय. कागद मागून घ्यायला हवा होता, तोही माझाच दोष. त्याचं उत्तर मी देत राहीन, दर रविवारी. बाईंचं घर आता विकायला काढलंय. दलाल वरच्या मजल्याची जमीन घासून पॉलिश करणार आहे, कारण दोन ठिकाणी लाकूड फार झिजलंय आणि गिऱ्हाइकाला ते आवडत नाही. गेल्या रविवारी मी शेवटचा तिथे गेलो. प्लास्टरचा हात मला दिलाय त्यांनी, तो उतरवायचा होता. त्या दोन जागांवर उभा राहिलो. माझे पाय मोठे, बाईंच्या जागेत पूर्ण मावत नाहीत. तिथून ती पट्टी खिडकीजवळ धरून पाहिली. कापडात धागे दिसतात, एक जाड, दोन बारीक, पुन्हा एक जाड. मागावर विणताना होणारी चूक आहे ती, माझ्या वडिलांनी मला लहानपणी दाखवलेली. सरळ कापलं तरी धागा तोच राहतो. पट्टीवर जो जाड धागा संपतो तो त्या बोर्डावरच्या चित्रात पुढे चालू असणार. न्यायाधीशाच्या असेल, गिरणीमालकाच्या असेल, कोणाच्या तरी पायाखाली तो असणारच.

बोर्ड तुझ्याकडे आहे. पट्टी माझ्याकडे आहे. दोन्ही एका टेबलावर ठेव, भिंग घेऊन एक माणूस बसव, आणि धागे मोज. दिवस तू सांग, टेबल तुझं. हा लेख मराठीत आहे म्हणून तू वाचणार नाहीस, तेव्हा मृण्मयीकडून त्याचं इंग्रजी करून घेतलंय आणि या अंकाबरोबरच तुला पाठवतोय. ती चार चित्रं माझ्याकडे कोणी निवडून पाठवली, आणि का? उत्तर लेखी दे. या वेळी मी कागदाशिवाय उठणार नाही.